'बार्शी लाईट'मधला 'लाईट' म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर या जुन्या छोट्या रेल्वेवर पानभर मजकूर आला. मुंबई–ठाणे आणि बोरघाट यांच्यापलीकडे मराठी वृत्तपत्रांत रेल्वेचा इतिहास सहसा जात नाही, त्यामुळे विषय निवडल्याबद्दल आधी आभार. पण ज्या वाक्यावर सगळा लेख उभा आहे, ते वाक्यच उलटे पडले आहे. 'रूळ अरुंद होते, म्हणून गाडी हलकी होती, म्हणून नाव बार्शी लाईट' असे त्यात म्हटले आहे. चौकटीत तिला 'खेळण्यातली गाडी' म्हटले आहे आणि सोबतचे छायाचित्र तर दुसऱ्याच रेल्वेचे आहे.

'लाईट' हा शब्द रुळांमधल्या अंतराला लावलेला नाही. तो लावला आहे एका आसावर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या एका जोडीवर, किती भार पडतो त्याला. बार्शीच्या रेल्वेत ही मर्यादा ५ टन होती. इंजिन असो, मालाचा डबा असो की प्रवासी डबा, कोणत्याही आसाने रुळावर ५ टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, हे आधी ठरले. रूळ, पूल, डबे, इंजिन यांची मापे त्या आकड्यातून निघाली. दोन रुळांमधले अंतर (गेज) २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, हा स्वतंत्र निर्णय होता, आणि बार्शीच्या पहिल्या तुकडीपुरते बोलायचे तर तुलनेने दुय्यमच.

असे का म्हणतो ते सांगतो. अरुंद गेजने तीन ठिकाणी पैसा वाचतो: वळण आवळून घेता येते, भराव आणि खोदाई कमी रुंदीची चालते, स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळया, आखूड लागतात. डोंगरात ही बचत मोठी असते, कारण तिथे प्रत्येक फुटाला कातळ फोडावा लागतो. कुर्डुवाडी ते बार्शी हा मुलूख मात्र माळरानाचा आणि लवणांचा आहे, घाट नाही. तिथे रुंदी कमी केल्याने हाताला फारसे लागत नाही. खरा खर्च रुळांच्या पोलादाचा आणि पुलांचा, आणि हे दोन्ही ठरतात आसावरच्या भाराने. भार ५ टन धरला की एक यार्ड, म्हणजे तीन फूट, लांबीला ३० पौंड वजन भरणारा रूळ पुरतो. मीटरच्या हिशेबात तो १५ किलोच्याही किंचित आत बसतो. आज याच मार्गावर ब्रॉडगेजचा जो रूळ आहे तो मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो. सीना नदीवरच्या पुलापासून ओढ्यांवरच्या लहान मोऱ्यांपर्यंत प्रत्येक गर्डरची जाडीही याच आकड्यावर ठरते.

हा विचार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचा. लेखात त्यांना 'ब्रिटिश सरकारचे अधिकारी' म्हटले आहे, तेही दुरुस्त करायला हवे. ते १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जुन्या जीआयपीत, इंजिन विभागात नोकरीला आले. नोकरीत असतानाच हलक्या रेल्वेसाठी योग्य मार्ग शोधण्याचा ध्यास त्यांनी घेतला आणि अखेर १८८९ मध्ये नोकरी सोडली. बार्शीची रेल्वे जीआयपीची शाखा नव्हती. तिच्यासाठी १८९५ मध्ये लंडनला स्वतंत्र कंपनी नोंदवली गेली आणि भारत सरकारने ती विकत घेईपर्यंत, म्हणजे १ जानेवारी १९५४ पर्यंत, ती खासगीच राहिली. त्यानंतर ती मध्य रेल्वेत आली.

बार्शीच का, याचे उत्तर बाजारपेठेत आहे. कापूस, गळिताची धान्ये, जोंधळा यांची ती मोठी पेठ. मराठवाड्यातला, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखातला, माल इथे उतरत असे. जीआयपीची मुख्य लाईन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण बार्शीला बाजूला ठेवून. जवळच्या स्टेशनाला नाव मिळाले 'बार्शी रोड'. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथून फुटतो. बार्शीच्या बाबतीत तो रस्ता २१ मैलांचा होता. (बार्शी रोडचे पुढे कुर्डुवाडी झाले. नाशिक रोडचे तसे झाले नाही, कारण तिथे स्टेशनभोवती वाढलेल्या वस्तीनेच ते नाव घेतले.) बैलगाडीत अर्धा ते पाऊण टन माल बसतो. पंधरा टन कापूस स्टेशनावर न्यायचा तर वीस ते तीस गाड्या आणि एकवीस मैलांची चाल. पावसाळ्यात काळ्या रानातून ती वाट कशी असेल, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको.

आता डब्याचे गणित बघा, कारण सगळी करामत तिथे आहे. डबा बोगीचा, म्हणजे पुढे दोन आस आणि मागे दोन आस, एकूण चार. प्रत्येकी ५ टन धरले तर भरलेल्या डब्याचे जास्तीत जास्त वजन २० टन. डब्याचे स्वतःचे वजन सुमारे ५ टनांवर आणता आले तर माल भरायला १५ टन उरतात. ३९२ पौंडांची कापसाची दाबलेली गाठ धरली, तर वजनाच्या हिशेबाने एका डब्यात ८५ गाठी. अडीच फूट रुंदीच्या रुळावरच्या गाडीकडून त्या काळी कोणी एवढी अपेक्षा करत नव्हते. हे साधले दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यामुळे. लाकडी तुळया आणि लोखंडी पट्ट्या जोडून केलेला सांगाडा याच ताकदीचा करायचा म्हटले तर तो बराच जड होतो, आणि डब्याचे जे वजन वाढते ते थेट मालातून वजा होते. शिवाय रिकामा डबा परत न्यायलाही कोळसा लागतोच.

हे डबे आणि इंजिने भारतात पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्यावर चालवून दाखवण्यात आली. हलक्या रुळांवर इतका माल वाहता येतो, हे रेल्वे अभियंत्यांना प्रत्यक्ष दिसावे म्हणून हा खटाटोप होता.

इंजिन लीड्सच्या किटसन कंपनीचे, ०-८-४ जातीचे टाकीवाले, म्हणजे पाणी आणि कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारे. आकडे असे वाचायचे: पुढे मोकळी चाके नाहीत, मधली आठ चाके एकमेकांना दांड्यांनी जोडलेली, मागे चार मोकळी. जोडलेले आस चार, म्हणजे रुळाला चिकटून ओढायला वापरता येणारे वजन सुमारे २० टन. मागची चार चाके कोळसा आणि पाण्याचा काही भार पेलतात. ओढायला त्यांचा उपयोग नाही, पण ती नसती तर तो सगळा भार जोडलेल्या आसांवर येऊन ५ टनांची मर्यादा मोडली असती.

कोरड्या रुळावर चाक घसरण्याआधी वजनाच्या साधारण एक पंचमांश ओढ मिळते, म्हणजे २० टनांवर ४ टन. शंभरात एक चढावर गाडीच्या प्रत्येक टनामागे १० किलो ओढ नुसत्या चढासाठी लागते आणि चार-पाच किलो घर्षणासाठी. पंधरा धरा. ४,००० भागिले १५, म्हणजे २६५ टनांच्या आसपास. त्यातून इंजिनाचे तीसेक टन वजा केले तर पूर्ण भरलेले अकरा डबे आणि शेवटी गार्डचा डबा. हा कागदावरचा वरचा आकडा. बॉयलरची वाफ, डब्यांच्या सांधणीची ताकद आणि स्टेशनातल्या बाजूच्या रुळाची लांबी यांनी तो प्रत्यक्षात खाली येतो. रूळ ओला झाला की आणखी घसरतो. चिकटण एक अष्टमांशावर आली तर त्याच चढावर सहा डब्यांवर भागवावे लागते. यात एक गंमत आहे. मुसळधार पावसात रूळ धुऊन निघतो आणि चाक बऱ्यापैकी धरते. सर्वांत वाईट असते पहिली बारीक झड, जेव्हा रुळावरची धूळ आणि तेल यांचा लेप होतो. म्हणून इंजिनात वाळूची पेटी असते आणि ती वाळू कोरडी असावी लागते. दमट वाळू नळीत अडकते आणि चढ निम्मा झाल्यावर चालकाच्या ते लक्षात येते.

'समान भार' हे कागदावर सोपे आहे, टिकवणे अवघड. आसांच्या कमान्या (स्प्रिंगा) आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या एकाचा जास्तीचा भार दुसऱ्यावर वाटून देतात. एक कमान बसली की तिच्या आसावरचा भार शेजाऱ्यावर जातो आणि ५ चे ६ होतात. टाकीवाल्या इंजिनात तर पाणी आणि कोळसा संपत जातो तशी वाटणी बदलत राहते. म्हणून कमान्यांची उंची मोजणे हे कारखान्याचे कायमचे काम. कुर्डुवाडीच्या कारखान्याची जी ख्याती झाली, ती असल्याच कामांवर.

मार्गाच्या बाजूने त्रास कुठे होतो? सांध्यावर. दोन रुळांचे टोक जिथे फिशप्लेटने जोडलेले असते तिथे चाक किंचित खाली बसते आणि पुढच्या रुळाच्या तोंडावर आपटते. दर आसाला एक ठोका. बोल्ट सैल झाला की सांधा लवतो, सांध्याखालचा स्लीपर हलू लागतो, त्याच्याखालची खडी गोल होऊन सरकते. चावीवाला रोज लाईनवरून चालत जाऊन बोल्ट आणि खिळे ठोकतो ते यासाठी. बार्शी–लातूर पट्ट्यात यात भर पडते काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओली असताना वरून भार पडला की खडी मातीत रुतते आणि चिखल खडीतून वर येतो. एकदा चिखल वर आला की पाणी वाहून जायची वाट बंद होते आणि दुखणे वाढतच जाते. नुसती खडी टाकत राहणे हा उपाय नाही. ती गिळली जाते. माती आणि खडी यांच्यामध्ये चांगला मुरूम घालून दाबावा लागतो आणि दोन्ही बाजूंना चर खोल ठेवावे लागतात. १५ किलोच्या रुळावर, काळ्या रानात, ही रेल्वे पिढ्यान् पिढ्या चालली ती आसावरच्या भाराने दिलेल्या सवलतीमुळे. त्याच रुळांवर आठ टनांचा आस आणला असता तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच सगळे सांधे बसले असते.

तारखांची सरमिसळही लेखात झाली आहे. '१८९७ मध्ये मिरज–लातूर रेल्वे सुरू झाली' हे खरे नाही. मार्च १८९७ मध्ये सुरू झाली ती फक्त बार्शी रोड ते बार्शी एवढीच, आणि तीही सोलापूर जिल्हा दुष्काळात असताना. पंढरपूरची शाखा १९०६ ची. बार्शीच्या पुढे निजामाच्या हद्दीत शिरून तडवळ्यापर्यंत आणि तिथून लातूरला लाईन पोचली १९११ मध्ये. पंढरपूर ते मिरज हा सर्वांत लांब तुकडा सर्वांत शेवटी, १९२७ मध्ये. म्हणजे पहिल्या २१ मैलांचे २०२ मैल व्हायला तीस वर्षे लागली. कॅल्थ्रॉप यांचा मृत्यूही १९२७ चाच.

प्रत्येक टप्प्याचा स्वभाव वेगळा. बार्शी ही मालाची लाईन. पंढरपूर ही माणसांची: आषाढी-कार्तिकीला जेवढे प्रवासी येत, त्यांच्या मानाने वर्षाचे उरलेले दिवस रिकामेच. अशा लाईनवर फक्त वारीसाठी डबे बांधून ठेवणे परवडत नाही, म्हणून जत्रेच्या दिवसांत मालडब्यांतूनही माणसे नेली जात. वारकऱ्यांची ती गैरसोय होती, यात शंका नाही. बार्शीपुढे येडशीकडे जाताना बालाघाटाची चढण लागते. अरुंद गेजचा खरा फायदा झाला तो इथे, डोंगराच्या कडेने वळणे घेताना. आणि मिरजेला ही लाईन पोचली तेव्हा तिथे सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज आधीपासून होती. पुढे १९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झाल्यावर १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशी तिन्ही मापे मिरजेत एकत्र नांदली. स्टेशनाची रचना किचकट का, असे विचारणाऱ्यांना हे एवढेच उत्तर पुरते.

लेखातला एक मुद्दा मात्र पूर्ण बरोबर आहे, आणि तो अधिक जागा घेऊन मांडायला हवा होता: कुर्डुवाडीचा माल-बदल. छोट्या गाडीतला माल उतरवून मोठ्या गाडीत चढवणे हे या रेल्वेचे कायमचे दुखणे होते. हमालीचा खर्च दिसतो, पण तो सर्वांत मोठा नव्हे. मोठा खर्च थांबण्याचा. मोठ्या गाडीचे रिकामे डबे वेळेवर आले नाहीत की छोट्या गाडीचे भरलेले डबे तिथेच अडकून पडतात. ते अडकले की बार्शीला रिकामे डबे परत जात नाहीत. बार्शीत माल साचतो, व्यापारी ओरडतात आणि सुगीच्या महिन्यांत, जेव्हा डबे सर्वांत जास्त हवे असतात, तेव्हा डब्यांचा निम्मा ताफा कुर्डुवाडीत उभा. त्यात गाठी फाटणे, पोती फुटणे, चोऱ्या आणि अवकाळी पाऊस. दोन्ही बाजूंचे डबे एकाच मापाचे नसल्याने हिशेबाची कटकट वेगळी: १५ टनांचा एक छोटा डबा एका मोठ्या डब्यात बरोबर मावेलच असे नाही, आणि उरलेल्या गाठी पुढच्या डब्याची वाट बघत फलाटावर.

कॅल्थ्रॉप यांना ही अडचण माहीत होती. इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची, याच २ फूट ६ इंच मापाची रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. तिचे सल्लागार अभियंते तेच. तिथे त्यांनी मोठ्या मापाचा डबा अख्खाच्या अख्खा पाठीवर घेणारे खास ट्रान्सपोर्टर डबे वापरले, म्हणजे माल उतरवायलाच नको. त्या रेल्वेची दोन इंजिने किटसनचीच. एकाला कॅल्थ्रॉप यांचे नाव दिले होते, आणि बार्शीच्या धर्तीवर दोन्ही इंजिनांच्या तोंडावर भले मोठे दिवेही होते. स्टॅफर्डशायरच्या त्या दरीत त्या दिव्यांचा काही उपयोग नव्हता. बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये रेल्वे बांधली गेली, असे उलट्या दिशेचे उदाहरण आपल्याकडच्या लेखांत का येत नाही, याचे आश्चर्य वाटते. ती रेल्वे मात्र १९३४ मध्ये बंदही झाली. बार्शीची त्यानंतर सत्तर वर्षे चालली.

'गाडी इतकी हळू की उतरून बोरे वेचून परत चढता येई' हा किस्सा लेखात आहे. तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगितला जातो, राहू द्या. पण मंदपणाचे खापर गेजवर फोडू नये. अशा लाईनवर गाडी बहुधा मिश्र असते, म्हणजे माणसे आणि माल एकाच गाडीत. प्रत्येक स्टेशनावर इंजिन सुटते, एक डबा बाजूला ठेवते, दुसरा उचलते, परत जोडले जाते. एका ठिकाणी वीस मिनिटे सहज जातात. पाणी भरण्याचे थांबे वेगळे. दोन स्टेशनांमधला वेग दुप्पट केला तरी एकूण प्रवासात फार फरक पडणार नाही.

आता २०१६ च्या पाणीगाडीबद्दल. 'ज्या छोट्या रुळांवरून कापूस गेला, त्याच रुळांवरून लातूरला पाणी आले' हे वाक्य वाचायला छान आहे, पण रूळ ते नाहीत आणि वाटही पूर्णपणे ती नाही. कुर्डुवाडी–पंढरपूर २००२ च्या सुमारास ब्रॉडगेज झाले, लातूरची बाजू २००७-०८ मध्ये, आणि पंढरपूर–मिरज २०१०-११ मध्ये. रूळ, स्लीपर, पूल, सगळे नव्याने. जुनी लाईन येडशीहून धाराशिवला न शिरता पुढे जात असे. नवी वळसा घेऊन धाराशिव गाठते. तेव्हा 'त्याच मार्गाने' म्हणा, 'त्याच रुळांवरून' नको, आणि येडशीनंतर तेही जपून.

पण पाणीगाडीचा दाखला चांगला आहे, कारण आसावरच्या भाराचा मुद्दा त्यात उघड दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढच्या गाड्या पन्नास टाक्यांच्या, २५ लाख लिटरच्या. म्हणजे एका टाकीत ५० टन पाणी. टाकीचे स्वतःचे वजन सुमारे २७ टन. चार आसांवर मिळून ७७, म्हणजे एका आसावर १९ टनांहून अधिक. बार्शी लाईटच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. तेच २५ लाख लिटर जुन्या मार्गाने न्यायचे ठरवले असते तर १५ टनांचे १६७ डबे लागले असते, म्हणजे अकरा-अकरा डब्यांच्या सोळा गाड्या. मार्ग रुंद करण्याला भावनिक विरोध करणाऱ्यांनी आणि जुन्या रेल्वेला खेळणे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

जुनी लाईन शोधायला निघणाऱ्या वाचकांसाठी लेखात शेवटी आवाहन आहे. त्याला काही उपयोगी माहिती जोडतो. सर्वांत चांगल्या खुणा येडशीच्या पुढे सापडतील, जिथे नवी लाईन जुनी सोडून गेली. इतरत्र नव्या भरावाने जुना बहुतेक ठिकाणी गिळला. जुन्या भरावाचा माथा साधारण १२ फुटांचा असतो. ब्रॉडगेजचा ७ मीटर किंवा अधिक. शेतरस्ता आणि जुना भराव यांत गोंधळ होतो, तर चढ-उतार बघा. शेतरस्ता ओढ्यात उतरतो; रेल्वेचा भराव उतरत नाही, ओढ्यावर मोरी बांधून सरळ जातो. मोरीचे घडीव दगड आणि गर्डर ठेवायचा सपाट दगडी कट्टा दिसला की शंका उरत नाही.

कुंपणाला किंवा घराच्या तुळईला लावलेले जुने रूळ या भागात पुष्कळ दिसतात. प्रत्येक तुकडा १८९७ चा समजू नका. पुढच्या काळात जड रूळही घातले गेले. उंची मोजा. ३० पौंडी रूळ साधारण ३ इंच उंच असतो. ५२ किलोचा १५६ मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांहून अधिक. एक फूट लांबीचा सुटा तुकडा आधीच कापलेला मिळाला तर वाण्याच्या काट्यावर ठेवा: ३० पौंडी असेल तर साडेचार किलो, ३५ पौंडी असेल तर ५.३, ५० पौंडी असेल तर साडेसात. झीज आणि गंज यांमुळे वजन थोडे कमीच भरेल, म्हणून निकाल नेहमी वरच्या आकड्याकडे झुकवा. रुळाच्या मधल्या पट्टीवर उठावदार अक्षरे असतात. त्यांवर खडू आडवा घासला की कारखान्याचे नाव आणि रूळ बनवल्याचे साल वाचता येते. पण ते साल रूळ बनवल्याचे, तिथे टाकल्याचे नव्हे. एका लाईनवरून काढलेले रूळ दुसरीकडे टाकण्याची रेल्वेत जुनी चाल आहे. आणि रेल्वेच्या हद्दीतले काहीही उपटू, कापू किंवा घरी नेऊ नका. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली तो गुन्हा आहे; गंजलेला खिळासुद्धा.

राहिले छायाचित्र. लेखासोबत छापलेली गाडी बार्शीची नाही. ती नेरळ–माथेरानची आहे. १९०७ ची ती रेल्वे २ फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर मापाची, बार्शीची ७६२. दोघींना 'नॅरोगेज' म्हणतात, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालणार नाही. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला मात्र बार्शीच्याच मापाची, पण कंपनी वेगळी. छायाचित्रावरून गेज ओळखायचे तर स्लीपरचा रुळाबाहेर डोकावणारा भाग बघावा. ब्रॉडगेजला तो प्रत्येक बाजूला रुळांमधल्या अंतराच्या साधारण तिसरा हिस्सा असतो, ७६२ ला जवळजवळ निम्मा. ६१० लाही निम्म्याच्याच जवळ येतो, त्यामुळे या दोघींत फरक करायला ती खूण चालत नाही. तिथे डब्याची लांबी आणि वळण बघा: माथेरानचे डबे फार बुटके आणि वळण इतके आवळलेले की इंजिन आणि शेवटचा डबा एकाच चौकटीत समोरासमोर आलेले दिसतात. सपाट रान, बाभळी आणि लांब बोगीचे डबे दिसले तर ती बार्शी असण्याची शक्यता. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल, तर छायाचित्राखालची ओळ आणि १८९७ चे वाक्य, एवढ्या दोन जागा तरी बदलाव्यात.

आपला,
जुन्या रेल्वेमार्गांचा एक अभ्यासक,
कुर्डुवाडी